नकाशावरची रेघ सरकली, गाडी बंद पडली

लोकलमध्ये उभे राहून ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज गाड्यांबद्दलच बोलायचंय. आपल्या नाही, ब्रिटनच्या. आणि हो, एपिसोड चालू असताना फोनवर मॅप उघडून ठेवलात तर जास्त मजा येईल.

मॅपवर इंग्लंडचं नैऋत्य टोक शोधा. समुद्रात पाय पसरल्यासारखा जो भाग दिसतो ना, तो डेव्हन आणि कॉर्नवॉल. तिथे डॉलिश नावाचं एक छोटं गाव आहे. इथे रेल्वे समुद्राच्या इतकी जवळून जाते की भरतीच्या वेळी लाटेचं पाणी डब्याच्या खिडकीवर येतं. खाली दगडी भिंत, वर रूळ, मागे लाल कडा. ब्रुनेल या नामांकित इंजिनिअरने आखलेला हा मार्ग १८४६ सालचा आहे.

४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री वादळ आलं आणि समुद्राने ती भिंत फोडली. सुमारे ८० मीटर. सकाळी लोकांनी पाहिलं तर खालची जमीन गायब आणि रूळ स्लीपरसकट हवेत लोंबकळतायत, दोरीच्या झुलत्या पुलासारखे. हा फोटो तेव्हा जगभर फिरला होता, तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. दुरुस्तीला दोन महिने लागले. काम चालू असताना लाटा अडवायला जहाजावरचे मोठे कंटेनर दगडमातीने भरून समोर ठेवावे लागले. ४ एप्रिलला गाडी सुरू झाली. तोपर्यंत प्लिमथसारखं मोठं शहर आणि अख्खं कॉर्नवॉल देशाच्या बाकी रेल्वेपासून तुटलेलं होतं. एक्सेटरच्या पुढे लोकांना बसमध्ये बसवून न्यावं लागत होतं.

आता तुम्ही म्हणाल, अहो, ज्या देशाने जगाला रेल्वे दिली, त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता?

होता ना! समुद्रापासून लांब, डार्टमूरच्या डोंगराळ माळाला वळसा घालून जाणारा. एक्सेटर, ओकहॅम्प्टन, टॅव्हिस्टॉक, प्लिमथ. डबल लाइन. लंडनहून एक्सप्रेस गाड्या यायच्या त्यावर. त्याचा मधला तुकडा मे १९६८ मध्ये बंद केला.

कोणी बंद केला, असं ब्रिटनमध्ये कोणालाही विचारा, एकच नाव येईल. डॉक्टर बीचिंग. तिकडे ‘बीचिंगची कुऱ्हाड’ हा शब्दप्रयोगच आहे. पण हे उत्तर अर्धंच आहे असं मला वाटतं. कुऱ्हाड पडायच्या आधी झाडाचं पाणी तोडलेलं होतं. ते कसं, तर कोणीतरी ऑफिसमध्ये बसून नकाशावरची एक रेघ सरकवली होती. आजचा एपिसोड त्या रेघेबद्दल आहे.

थोडं मागे जाऊया. ब्रिटनमध्ये रेल्वे सरकारने बांधली नाही. खासगी कंपन्यांनी बांधली, आणि एकमेकींच्या नाकावर टिच्चून बांधली. एका कंपनीची लाइन एखाद्या शहरात गेली की दुसरी म्हणणार, थांब, मीही येते, डोंगर फोडून येते. याचा सगळ्यात गमतीशीर नमुना म्हणजे एक्सेटरचं सेंट डेव्हिड्स स्टेशन. तिथे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या गाड्या यायच्या. दोघींच्याही गाड्या लंडनला जायच्या, पण एकीची उत्तरेकडे तोंड करून निघायची आणि दुसरीची दक्षिणेकडे! एक पॅडिंग्टनला पोचायची, दुसरी वॉटर्लूला. प्लिमथला जाणाऱ्या गाड्यांचंही तेच, त्याही एकमेकींकडे पाठ करून निघायच्या. नवख्या माणसाचं काय होत असेल, विचार करा.

१९२३ मध्ये सरकारने या सगळ्या कंपन्या गोळा करून चार मोठ्या कंपन्या केल्या. मग महायुद्ध झालं, रेल्वे पार झिजली, आणि १ जानेवारी १९४८ ला राष्ट्रीयीकरण होऊन ‘ब्रिटिश रेल्वेज’ जन्माला आली. कारभारासाठी तिचे सहा रीजन केले. आपल्याकडे मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे असे झोन आहेत, साधारण तसंच. वेस्टर्न, सदर्न, ईस्टर्न, नॉर्थ ईस्टर्न, लंडन मिडलँड आणि स्कॉटिश.

आता गंमत बघा. कागदावर सगळी एकच रेल्वे. पण वेस्टर्न रीजन म्हणजे जवळजवळ जुनी ग्रेट वेस्टर्न कंपनी, सदर्न म्हणजे जुनी सदर्न. तीच ऑफिसं, तेच साहेब, तीच वर्कशॉपं. मालक बदलला, माणसं आणि त्यांचे जुने हेवेदावे तसेच राहिले. आणि स्पर्धेच्या काळात एकीने दुसरीच्या इलाख्यात घुसवलेल्या लाइनी? त्याही तशाच. म्हणजे वेस्टर्नच्या भूभागात सदर्नच्या लाइनी, लंडन मिडलँडच्या भूभागात ईस्टर्नची लाइन.

कोणत्याही मॅनेजरला हे खटकणारच. एका जिल्ह्यात दोन रीजन कशाला? एका भागाची रेल्वे एकाच साहेबाच्या हाताखाली द्या, खर्च वाचेल. ऐकायला किती शहाणपणाचं आहे! मीही त्या मीटिंगमध्ये असतो तर बहुतेक हात वर केला असता.

मग व्हायचं काय, तर काल ज्या लाइनीशी तुमची स्पर्धा होती, ती आज तुमच्याच पदरात पडते. तुमची स्वतःची लाइन आहेच, पोटच्या पोरासारखी वाढवलेली. आता हे सावत्र पोरही सांभाळा. घरात भाकरी एकच असेल तर कोणाच्या ताटात जाईल?

एका लाइनीची गोष्ट जरा निवांत सांगतो, कारण ती मला फार आवडते. सॉमरसेट अँड डॉर्सेट. लोक लाडाने एस अँड डी म्हणायचे. बाथ शहरातून निघून, मेंडिपच्या टेकड्या ओलांडून, थेट दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथला. सुमारे ७१ मैल. शिवाय एव्हरक्रीच जंक्शनहून एक फाटा पश्चिमेला हायब्रिजकडे. बाथमधून बाहेर पडताच ५० ला १ असा चढ, म्हणजे ५० फूट पुढे गेलं की १ फूट वर. मग दोन बोगदे. मग चढ-उतार करत मॅस्बरीचा माथा, समुद्रसपाटीपासून ८११ फूट. रेल्वेच्या हिशेबात हा घाटच. जड गाडीला दोन इंजिनं जोडावी लागत. मालगाड्यांसाठी १९१४ मध्ये डर्बीच्या कारखान्यात खास या लाइनीपुरती दणकट इंजिनं बनवली होती.

ही लाइन स्वतःच्या पायावर कधी नीट उभी राहिली नाही. पैसे संपले, आणि १८७५ मध्ये ती दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून भाडेपट्ट्याने घेतली. उत्तरेकडची मिडलँड आणि दक्षिणेकडची लंडन अँड साउथ वेस्टर्न. ग्रेट वेस्टर्नचाही तिच्यावर डोळा होता. तिच्याशी बोलणी चालू असतानाच या दोघींनी लाइन पळवली, त्यामुळे ग्रेट वेस्टर्न भयंकर भडकली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

भागीदारीत जोवर दोघींना तिची गरज होती तोवर दिवस बरे होते. उन्हाळ्यातल्या शनिवारी तर जत्राच. उत्तरेकडच्या कारखान्यांच्या शहरांमधून कामगार कुटुंबं सुट्टीला समुद्रावर निघायची. मँचेस्टरहून बोर्नमथला जाणारी ‘पाइन्स एक्सप्रेस’ ही त्यातली मानाची गाडी. बाथला इंजिन बदलून, तोंड फिरवून, टेकडी चढून ती निघायची. गोणीभर सामान, पोरंबाळं, आणि पुढे आठवडाभर समुद्र.

राष्ट्रीयीकरण झाल्यावर मात्र ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण खरी व्हायला लागली. १९५८ मध्ये सीमा पुन्हा आखल्या, तेव्हा टेम्पलकूमच्या उत्तरेचा मोठा भाग वेस्टर्न रीजनकडे गेला. म्हणजे कोणाकडे? ज्या ग्रेट वेस्टर्नच्या हातातून ही लाइन ८३ वर्षांपूर्वी निसटली होती, तिच्याच वारसदाराकडे! आता त्या ऑफिसात कोणी १८७५ चा राग धरून बसलं होतं असं मी म्हणत नाही. रागाची गरजच नव्हती. वेस्टर्नच्या दृष्टीने ही लाइन म्हणजे चढाची, खर्चिक आणि त्यांच्या आपल्या मार्गांना आडवी जाणारी. बस, एवढं पुरे होतं.

१९६० मध्ये ब्रिटिश रेल्वेने आपलं शेवटचं वाफेचं इंजिन बांधलं. नाव ‘इव्हनिंग स्टार’. या जातीची इंजिनं एस अँड डीवर आणली तेव्हा कळलं की जड गाडी ती एकटीच चढवतात, दुसरं इंजिन लागत नाही. म्हणजे ज्या खर्चाची ओरड होती, त्यावर उपाय सापडला होता. मग पुढे काय झालं? ८ सप्टेंबर १९६२ ला याच इव्हनिंग स्टारने पाइन्स एक्सप्रेस या मार्गावरून शेवटची नेली. सोमवारपासून गाडी ऑक्सफर्ड आणि बेसिंगस्टोकवरून फिरवली. लांब पल्ल्याच्या बाकीच्या गाड्याही गेल्या. पुढे मालगाड्या गेल्या. गाडी रद्द झाली नाही, प्रवासी कमी झाले नाहीत, फक्त ताटातलं वाटीत गेलं. एका लाइनीची कमाई दुसऱ्या लाइनीच्या खात्यावर दिसायला लागली.

मागे उरलं काय, तर घाट, बोगदे, सिग्नलच्या केबिनी, स्टेशनमास्तर, हमाल आणि दोन-तीन डब्यांची गावगाडी. त्यात स्थानिक लोकांची तक्रार अशी की जंक्शनवर पुढची गाडी आपली गाडी यायच्या जरासं आधीच निघून जाते. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा माणूस बसने जातो. तुम्हीही जाल.

आणि मग आले डॉक्टर बीचिंग. रिचर्ड बीचिंग हा भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेला माणूस, आयसीआय या मोठ्या केमिकल कंपनीतून आणलेला. पगार वर्षाला २४,००० पौंड, तेव्हाच्या पंतप्रधानापेक्षा जास्त, त्यावरून पेपरांत गदारोळ. २७ मार्च १९६३ ला त्यांचा अहवाल आला. २,३६३ स्टेशनं बंद करा, सुमारे ५,००० मैलांवरची प्रवासी वाहतूक बंद करा. आकडे असे की तोंड बंद व्हावं. देशातल्या एक तृतीयांश रेल्वेमार्गावर एकूण प्रवासी वाहतुकीपैकी फक्त १ टक्का होते!

यादीत एस अँड डी होतीच. पण वाहतुकीची मोजणी केली कधी? एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्यात. उन्हाळ्यात शनिवारी फुलणाऱ्या लाइनीची मोजणी एप्रिलमध्ये! आषाढीला पंढरपुरात किती गर्दी असते ते भाद्रपदात जाऊन मोजण्यासारखं आहे हे.

थांबा, बीचिंगची बाजूही सांगायला हवी. त्यांचं म्हणणं होतं की ही उन्हाळी गर्दीच तोट्याची आहे. लांब पल्ल्याच्या १८,५०० डब्यांपैकी २,००० डबे असे होते की वर्षात जास्तीत जास्त १० वेळा वापरले जायचे. बाकी दिवस यार्डात उभे. त्यांची देखभाल, जागा, माणसं, सगळा खर्च चालूच. दहा शनिवारांसाठी वर्षभर घाट सांभाळायचा का, हा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. शिवाय लोक गाड्या घेत होते, नोव्हेंबर १९५९ मध्ये एम-वन हा मोटरवे सुरू झाला होता. वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स हे रस्ते बांधणाऱ्या कंपनीचे संस्थापक, यावर तिकडे आजही लोक तावातावाने बोलतात. पण मार्पल्स नसते तरी मोटारी आल्याच असत्या.

मला जे खुपतं ते वेगळंच आहे. लाइन बंद करायला हरकत घ्यायची तर प्रवाशांच्या बाजूने एक सल्लागार समिती असायची. सुनावणी व्हायची, गावकरी यायचे, शिक्षक, शेतकरी, म्हाताऱ्या बायका. पण १९६२ च्या कायद्याने त्या समितीला एकच गोष्ट तपासायची मुभा होती, लोकांची अडचण किती होईल. तोट्याचा आकडा खरा आहे का, हे विचारायचंच नाही! गाड्या तुम्हीच दुसरीकडे वळवल्यात म्हणून तोटा आहे, असं कोणी उभं राहून म्हटलं तर उत्तर ठरलेलं: तो आजचा विषय नाही. सीमा कुठे आखायची ही तर रेल्वेची घरातली बाब, तिच्यावर सुनावणी नावाचा प्रकारच नव्हता. म्हणजे खरा निर्णय जिथे झाला तिथे जनतेला दार नव्हतं. आणि जिथे दार होतं तिथे निर्णय आधीच झालेला.

जॉन बेट्जमन हे कवी, पुढे राजकवी झाले, त्यांनी १९६३ मध्ये बीबीसीसाठी याच लाइनीच्या हायब्रिज फाट्यावर एक छोटी फिल्म केली. लोकांना लाइन आवडत होती, पण आवडणं खात्यावर दिसत नाही. १९६४ मध्ये लेबर पक्ष मोठ्या रेल्वेबंदीला आळा घालू असं जाहीरनाम्यात सांगून निवडून आला, आणि तरीही एस अँड डीच्या बंदीला मंजुरी मिळाली. तारीख ठरली ३ जानेवारी १९६६. तेवढ्यात बदली बस चालवणाऱ्यांपैकी एकाने अर्ज मागे घेतला. पर्यायी बस नाही म्हणजे रेल्वे बंद करता येईना! मग दोन महिने ‘आपत्कालीन’ वेळापत्रक, अगदी मोजक्या गाड्या, लोकांच्या काही कामाच्या नाहीत अशा वेळांना. शेवटी ७ मार्च १९६६ ला कारभार आटोपला.

हे एकट्या एस अँड डीचं झालं असतं तर मी योगायोग म्हटलं असतं. पण ग्रेट सेंट्रल बघा. लंडनच्या मॅरिलबोनपासून लेस्टर, नॉटिंगहॅमकडे जाणारी, १८९९ मध्ये सुरू झालेली दमदार मेन लाइन. ती ईस्टर्न रीजनकडे होती. फेब्रुवारी १९५८ मध्ये लंडन मिडलँडकडे दिली, ज्यांची आपली लेस्टर-नॉटिंगहॅमची लाइन शेजारीच होती. जानेवारी १९६० मध्ये एक्सप्रेस गाड्या गेल्या. १९६६ मध्ये मधला मोठा टप्पा बंद, १९६९ मध्ये रग्बी ते नॉटिंगहॅमचा उरलेला तुकडाही बंद. सीमा बदलल्यापासून एक्सप्रेस जाईपर्यंत दोन वर्षंसुद्धा नाहीत. आणि बीचिंगचा अहवाल यायला तेव्हा अजून तीन वर्षं होती!

आता परत आपल्या नैऋत्य टोकाकडे. १ जानेवारी १९६३. सॉल्झबरीच्या पश्चिमेकडच्या सदर्नच्या सगळ्या लाइनी वेस्टर्न रीजनला दिल्या. त्यात वॉटर्लूहून एक्सेटरला येणारी मेन लाइन आली, ओकहॅम्प्टनवरून प्लिमथला जाणारी आली, आणि कॉर्नवॉलच्या अटलांटिक किनाऱ्यावर पॅडस्टोपर्यंत जाणारी आली. या मार्गावर ‘अटलांटिक कोस्ट एक्सप्रेस’ नावाची एक अफलातून गाडी होती. लंडनहून एकच गाडी निघायची आणि वाटेत तिचे डबे सुटत जायचे, हे दोन या गावाला, ते दोन त्या गावाला. शेवटी एक-दोन डबे सुमारे २६० मैलांवर पॅडस्टोच्या बंदरात पोचायचे. नवा मालक आल्यावर ती किती टिकली? ५ सप्टेंबर १९६४ ला शेवटची धावली. वीस महिने.

लंडन ते एक्सेटर वेस्टर्नची आपली लाइन होतीच. म्हणून १९६७ मध्ये सॉल्झबरी ते एक्सेटर या मेन लाइनीचा बहुतेक भाग सिंगल केला. आजही समोरची गाडी लेट झाली की आपली गाडी लूपमध्ये वाट बघत उभी राहते. प्लिमथलाही वेस्टर्नची आपली लाइन होती, डॉलिशच्या समुद्रावरून जाणारी. मग ओकहॅम्प्टनचा मार्ग म्हणजे ‘डुप्लिकेट’. मे १९६८ मध्ये ओकहॅम्प्टनच्या पुढे तो तोडला. मेल्डनच्या दरीवर १८७४ मध्ये बांधलेला लोखंडी पूल तेवढा राहिला, गाड्यांशिवाय.

डुप्लिकेट हा शब्द मला अडतो. हिशेब मांडणाऱ्याला दोन मार्ग म्हणजे दुप्पट खर्च दिसतो, आणि तो खोटा नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो बरोबरही ठरला असेल. फक्त समुद्राला हे कोणी कळवलं नव्हतं.

२०१४ नंतर रेल्वेने पर्यायी मार्गांचा अभ्यास केला, त्यात ओकहॅम्प्टनचाही विचार झाला. पण मोडलेला मार्ग पुन्हा उभा करायचा खर्च इतका की शेवटी डॉलिशलाच आणखी उंच, मजबूत भिंत बांधली.

एक बरी गोष्ट मात्र घडली. एक्सेटर ते ओकहॅम्प्टन हा अलीकडचा तुकडा पूर्ण उखडला गेला नव्हता. कारण काय, तर मेल्डनची दगडखाण! रुळांखाली टाकायची खडी तिथून यायची, म्हणून रेल्वेला स्वतःसाठी ती लाइन हवी होती. नेहमीची प्रवासी गाडी १९७२ मध्ये थांबली, रूळ राहिले. २० नोव्हेंबर २०२१ ला त्यावर रोजची प्रवासी गाडी पुन्हा सुरू झाली आणि अंदाजापेक्षा जास्त प्रवासी यायला लागले. गाव वाचवलं ते खडीने.

एस अँड डीच्या नशिबी तेही नव्हतं. बाथचं ग्रीन पार्क स्टेशन, त्याचं सुंदर काचेचं छप्पर अजून उभं आहे, पण त्याखाली बाजार भरतो आणि गाड्या पार्क होतात. ते दोन बोगदे २०१३ पासून सायकलवाल्यांना खुले झालेत. मोठा बोगदा मैलापेक्षाही लांब आहे, आत दिवे आहेत आणि चक्क संगीत वाजतं. बाथला कोणी शिकायला असाल तर एकदा सायकल घेऊन जाऊन या.

आता तो मॅप. एक्सेटरपासून रेल्वेची रेघ पकडून पश्चिमेला जा, ओकहॅम्प्टनला थांबेल. आता प्लिमथपासून उत्तरेला या, बेअर अल्स्टनला पोचाल. दोन्हींच्या मधे सुमारे २० मैल कोरे आहेत. सॅटेलाइट व्ह्यू लावा, झूम करा. शेतांमधून झाडांची एक लांब, फारच व्यवस्थित वळण घेणारी ओळ दिसेल. तीच ती.

दिसली तर स्क्रीनशॉट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.